ओला कचरा घरातच जिरवायचा म्हणजे बादलीत नक्की काय होतं?

पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू, असं ओळखीतले बरेच जण विचारतात आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं, सगळ्यात आधी स्वयंपाकघरातला ओला कचरा घराबाहेर पाठवणं बंद करा. सोलर बसवायचं तर सोसायटीची परवानगी लागते, इलेक्ट्रिक गाडीला पैसे लागतात, पण भाजीच्या देठांचं आणि केळ्याच्या सालांचं काय करायचं हे ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही, फार तर घरातल्यांची. यावर सगळे "हो गं, करायला पाहिजे" म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही, कारण मनात धास्ती असते की वास येईल, अळ्या होतील, शेजारचे तक्रार करतील. ही धास्ती अगदीच काही खोटी नाही, कसंही करून ठेवलं तर हे सगळं होतंच. पण आत काय चालतं हे एकदा डोक्यात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, नुसत्या वासावरून कळतं की बादलीत काय कमी पडलंय. म्हणून इथे कृती थोडी आणि कारणं जास्त सांगणारे.

आधी हा कचरा जातो कुठे ते बघू. आपल्या शहरांमधल्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो, म्हणजे सालं, देठं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, फुलं. हा सुक्यात मिसळला की सुकाही वाया जातो, कारण आमटीने माखलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. मग सगळं एकत्र गाडीत आणि गाडीतून डेपोवर. तिथे थरावर थर पडत जातात, वरच्या वजनाने खालचे दाबले जातात आणि आत हवा पोचायची बंद होते. सगळा फरक इथे पडतो. हवा असेल तर कुजवणारे जीव ऑक्सिजन वापरतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साईड, पाणी आणि मातीसारखं खत तयार होतं. हवा नसेल तर वेगळेच सूक्ष्मजीव कामाला लागतात, ज्यांना ऑक्सिजन सोसतच नाही, आणि ते मिथेन सोडतात. साल तेच, फक्त त्याला हवा मिळाली की नाही एवढाच प्रश्न.

आता कोणी म्हणेल की कार्बन डायऑक्साईड पण वाईटच ना? पण केळ्याच्या सालातला कार्बन केळीच्या झाडाने काही महिन्यांपूर्वीच हवेतून घेतलेला असतो, तोच परत हवेत गेला, हिशोब मिटला. मिथेनचं तसं नाही. शंभर वर्षांचा विचार केला तर एक किलो मिथेन हा एक किलो कार्बन डायऑक्साईडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो आणि फक्त वीस वर्षांचा विचार केला तर ८० पटीच्या आसपास. तो हवेत फार काळ टिकत नाही, दहा-बारा वर्षांत विरून जातो, आणि हीच त्यातली आशेची बाजू आहे, कारण आज मिथेन कमी केला तर त्याचा फरक आपल्याच हयातीत दिसतो, नातवंडांपर्यंत थांबावं लागत नाही.

शिवाय मिथेन पेटतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जातोय, तिथे जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धुराचा लोट नासाच्या उपग्रहाच्या फोटोत दिसत होता, महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि गोवंडी, मानखुर्द, चेंबूरच्या लोकांना तो धूर छातीत घेण्यावाचून इलाज नव्हता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला, तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. कुजणाऱ्या ढिगातून जे काळं पाणी झिरपतं ते कचऱ्यातल्या बॅटऱ्या वगैरेंमधले जड धातू सोबत घेऊन जमिनीत उतरतं, मग पाऊस पडला की आणखी खाली. खाल्लं शहराने आणि भोगलं गावाने, हे मला फार लागतं, आणि म्हणूनच या विषयावर मी इतकी बोलते.

अजून एक माणूस यात आहे ज्याचा आपण विचारच करत नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि तिच्या ताया घरोघरी येऊन कचरा नेतात. आपण मिक्स कचरा दिला की त्यातला विकता येणारा माल कोणाला तरी हाताने वेगळा काढावा लागतो, त्या हातांना फुटकी काच लागते, सुई लागते, नासलेल्या अन्नातून हे सगळं वेचावं लागतं. ओला घरातच जिरला तर ताईच्या हातात कोरडा, विकता येणारा माल पडतो. तिच्या तब्येतीसाठी आपण करू शकतो त्यातली ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

आता बादलीकडे येऊ. आत काम करणारे मुख्यतः जीवाणू आणि बुरश्या. त्यांना लागतं काय, तर कार्बन, नायट्रोजन, पाणी आणि हवा, बास. कार्बनमधून त्यांना ताकद मिळते आणि नायट्रोजनमधून त्यांचं शरीर बनतं, म्हणजे प्रथिनं वगैरे. दोन्हीचं प्रमाण एका नायट्रोजनला २५ ते ३० कार्बन असं असेल तर काम झपाट्याने होतं. स्वयंपाकघरातला ओला कचरा या हिशोबात साधारण १५ च्या आसपास बसतो, म्हणजे नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी. वाळलेली पानं ५०-६० च्या घरात, लाकडाचा भुसा तर ३०० च्याही वर. म्हणून नुसती सालं टाकून ठेवली की नायट्रोजन जास्त होतो, जीवाणूंना तो वापरता येत नाही आणि तो अमोनिया होऊन उडून जातो, नाकाला झोंबणारा जो वास येतो ना, तो हाच. खतात राहायला हवा होता तो नायट्रोजन आपण हवेत घालवला. उलट नुसता पालापाचोळा भरून ठेवला तर वर्षभर तो तसाच पडून राहतो, काही होत नाही. दोन्ही मिसळले की गाडी रुळावर येते. अंदाज सोपा आहे, एक वाटी ओल्याला एक ते दोन वाट्या चुरडलेला पाला, वजनाने नाही, आकाराने. वजन-काटा काढायची काही गरज नाही.

पाण्याचं म्हणाल तर आत साधारण ५० ते ६० टक्के ओल पाहिजे, आणि हे मोजायला यंत्र लागत नाही. मूठभर मिश्रण घ्यायचं आणि घट्ट पिळायचं, बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त ओलं, आणि मूठ उघडल्यावर सगळं भुगा होऊन सांडलं तर कोरडं. आपल्या कचऱ्यात मुळातच पाणी भरपूर असतं, काकडी, टोमॅटो, दुधी, कलिंगडाची सालं हे बहुतेक सगळं पाणीच, त्यामुळे वरून पाणी घालायची वेळ क्वचित येते, एप्रिल-मे सोडला तर नाहीच. पाणी जास्त झालं की ते कणांमधल्या फटी भरून टाकतं, फटी भरल्या की हवा जाते, आणि हवा गेली की वर सांगितलं तेच सुरू होतं, देवनारची छोटी आवृत्ती आपल्या बाल्कनीत. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजायचं आत हवा संपलीये. त्यावर उपाय म्हणजे कोरडा पाला घालायचा आणि तळापासून हलवायचं, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास जातो. वासावर परफ्यूम, फिनेल असलं काही मारू नका प्लीज, फिनेलने काम करणारे जीवच मरतात.

मग उष्णता. हे जीव खाताना उष्णता सोडतात, आणि ही गोष्ट स्वतःच्या हाताने बघण्यासारखी आहे. चार-पाच दिवस भरलेल्या बादलीत मधोमध हात घातला की कोमट लागतं, बाहेर गार वारा असला तरी आत ऊब असते. शेतातला किंवा सोसायटीतला मोठा ढीग असेल तर आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापमान जातं आणि ते सलग तीन दिवस टिकलं की रोगजंतू, तणाचं बी बहुतेक मरून जातं. पण आपली बादली छोटी, तिची ऊब चहूबाजूंनी निघून जाते, तेवढी ती तापत नाही. आणि म्हणूनच घरच्या बादलीत कुत्र्या-मांजराची घाण, मटण-मासळीचा कचरा, रोग पडलेल्या झाडाची पानं टाकू नयेत. लोक याला उगाचचे नियम समजतात पण कारण हे आहे, जंतू मरतील इतकी ती तापत नाही. इडलीचं पीठ जसं मे महिन्यात लगेच वर येतं आणि डिसेंबरात रात्रभर ठेवूनही बसून राहतं, तसंच या बादलीचंही आहे, थंडीत खताला जास्त दिवस लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सामान काय लागतं? रंगकाम झाल्यावर उरतात त्या वीस लिटरच्या बादल्या सगळ्यात बेस्ट, त्या फुकट मिळतात किंवा भंगारवाल्याकडे थोडक्या पैशात. नीट धुवायच्या, सगळ्या बाजूंनी आणि तळाला ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने भोकं पाडायची, विटांवर ठेवायच्या म्हणजे खालूनही हवा लागते, आणि खाली एक ताट. चार माणसांच्या घराला अशा तीन पुरतात, एक भरत असते आणि दोन पिकत असतात. भरायला तीन-चार आठवडे लागतात कारण कचरा रोज बसत जातो, आणि नंतर पिकायला दीड ते दोन महिने. मातीच्या माठांचे एकावर एक ठेवायचे सेट मिळतात तेही छान असतात, मातीतून हवा आणि ओल दोन्ही खेळते, पण ते जड असतात आणि महागही. सुरुवात बादलीनेच करा.

तळाला नारळाच्या शेंड्या आणि काड्या अंथरायच्या, त्यावर पाला, त्यावर रोजचा ओला कचरा. कचरा बारीक चिरून टाकला तर लवकर कुजतो कारण जीवाणूंना खायला जास्त पृष्ठभाग मिळतो, पण मिक्सरमधून काढू नका, लगदा झाला की परत हवा कोंडते. विरजण म्हणून जुनं खत असेल तर दोन मुठी, नाहीतर आंबट ताक किंवा शेणाचं पातळ पाणी. बाजारात पावडरी मिळतात, त्या चालतात, पण त्या नसल्याने अडत नाही, कारण हे जीव सालांवर आणि वाळक्या पानांवर आधीपासूनच असतात. रोज कचरा टाकला की वरून पाल्याचा जाड थर द्यायचा, उघडं एक सालही दिसता कामा नये. आठवड्यातून दोनदा सळईने खालवर करायचं. एवढंच आहे. रोजचं काम पाच मिनिटांच्या वर नाही.

लोकांचा सगळ्यात मोठा अडसर म्हणजे अळ्या, त्यावर जरा सविस्तर बोलते. बादलीत करड्या-पांढऱ्या, चपट्या, वळवळणाऱ्या जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. दिसायला किळसवाणं वाटतं, मान्य. पण ही माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही, मोठी झाल्यावर ती जवळपास काही खातच नाही, थोडेच दिवस जगते, चावत नाही, रोग पसरवत नाही. आणि तिच्या अळ्या इतक्या खादाड असतात की कचरा भराभर संपवतात, जगात बऱ्याच ठिकाणी कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी त्या मुद्दाम वाढवतात. त्या दिसल्या याचा अर्थ एवढाच की बादली जास्त ओली आहे आणि कचरा उघडा राहिलाय. पाला वाढवला, वरचा थर जाड केला की कमी होतात. बारीक चिलटं मात्र त्रास देतात, त्यांची अंडी फळांच्या सालांवरच घरात येतात, त्यामुळे केळी-आंब्याची सालं नेहमी मधोमध पुरायची, वर टाकायची नाहीत. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना, ती पाल्यातला चिवट भाग खाणारी बुरशी आहे, काम नीट चाललंय याची पावती. उंदीर येतात ते शिजवलेल्या अन्नाच्या आणि तेलाच्या वासाने, तर उरलेली भाजी-पोळी अगदी थोडी आणि खोल पुरूनच टाका, झाकणावर एक वीट ठेवा.

आमच्या मजल्यावरच्या एक काकू रोज माझ्या बादल्यांकडे संशयाने बघायच्या. एकदा तयार झालेलं खत चाळत होते तेव्हा त्या दारात आल्या, पदर नाकाला लावूनच. म्हटलं, काकू, जरा ओंजळीत घेऊन तरी बघा. त्यांनी दोन बोटांत चिमूटभर घेतलं, मग वास घेतला, मग पदर खाली आला. "अगं, हा तर पहिल्या पावसाचा वास!" खरंच तोच असतो. मातीत अ‍ॅक्टिनोमायसीट्स नावाचे जीवाणू असतात, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, पहिल्या सरीनंतर जो वास येतो त्यात मुख्य वाटा त्याचाच, आणि पिकत आलेल्या खतातही तेच जीवाणू भरपूर असतात. म्हणून खत तयार झालं की नाही हे नाकाने ठरवायचं, आंबूस वास असेल तर अजून वेळ आहे, मातीचा वास आला, रंग काळपट झाला, काय टाकलं होतं ते ओळखू येईना की तयार. अर्धवट खत कुंडीत घालू नका, ते तिथेच कुजत राहतं, त्या नादात मुळांजवळचा नायट्रोजन खातं आणि झाड पिवळं पडतं.

काय टाकायचं, काय नाही, यावर लोक खूप गोंधळतात. भाज्या-फळांची सालं, देठं, चोथा, कढीपत्त्याच्या काड्या, शिळी फुलं, हे सगळं चालतं. अंड्याची टरफलं चालतात पण चुरून, ती हळूहळू विरघळतात. लिंबाची सालं थोडी असतील तर चालतात, सरबताच्या दिवसात ढीगभर टाकली तर आंबटपणाने काम मंदावतं. कांद्याची सालं बिनधास्त टाका. चहाचा चोथा उत्तम, फक्त दूध-साखरेचा असेल तर एकदा विसळा, नाहीतर मुंग्या लागतात. करवंटी, आंब्याची कोय, मक्याचं कणीस यांना फार वेळ लागतो, कोयी तर मस्त रुजून येतात, त्या वेगळ्या काढा. मे महिन्यात आंब्याचा आणि गणपतीत निर्माल्याचा कचरा एकदम वाढतो, तेव्हा एक जादा बादली तयार ठेवायची. निर्माल्यातले दोरे, जरी, प्लास्टिकची फुलं, थर्माकोल आधी काढायचं, दुर्वा आणि झेंडू छान कुजतात. नदीत सोडलेलं निर्माल्य कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, त्यात मासे गुदमरतात, त्यामानाने घरच्या कुंडीत गेलेली देवाची फुलं मला तरी जास्त पवित्र वाटतात.

एका गोष्टीवर मात्र सांभाळा. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या हिरव्या पिशव्या. त्या कुजतात, पण मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत, आणि वर सांगितलंच की घरची बादली तितकी तापत नाही, तर त्या महिनोन्महिने तशाच राहतात. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेल्या काहींचे तर फक्त बारीक तुकडे होतात आणि ते प्लास्टिकचे तुकडे आपल्या मेथीच्या कुंडीत जातात. कचऱ्याच्या डब्याला आतून जुना पेपर लावा, तो बादलीत तसाच टाकता येतो आणि तेवढाच कार्बन मिळतो.

पाला कुठून आणायचा हा फ्लॅटवाल्यांचा नेहमीचा प्रश्न. सोसायटीचे झाडणारे मामा रोज गोळा करतात तोच, त्यांना सांगून ठेवा, एक पोतं भरलं की महिना निघतो. आणि याचा अजून एक मोठा फायदा आहे, तो पाला जाळला जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की गल्लोगल्ली ढीग पेटवतात, पाला नीट जळत नाही, धुमसतो, आणि त्या धुरातले बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते इतके बारीक असतात की नाक-घसा ओलांडून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. लहान मुलं, दम्याचे पेशंट, म्हातारी माणसं यांना त्याचा लगेच त्रास होतो. त्यातच प्लास्टिकची पिशवी असेल तर विषारी वायू वेगळे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली, तरी सकाळी फिरायला गेलं की धूर दिसतोच. नुसती भांडणं करून ते थांबत नाही, पाला मागून घेतला तर थांबतं.

खत तयार झाल्यावर कुंडीत एक भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण चांगलं चालतं. सुरुवातीला मेथी लावा, स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पेरले तरी उगवतात, चार-पाच तास ऊन मिळालं की महिन्याभरात भाजी. कोथिंबिरीला थोडा जास्त वेळ, धणे आधी रगडून दोन भाग करायचे. घरची मेथी एका जुडीइतकीच निघते, त्यावर घर चालत नाही हे खरं, पण मुलं जी भाजी ताटात ढकलून देतात तीच स्वतः पेरली की खातात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. कुंड्यांखालच्या ताटल्यांमध्ये मात्र पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासून काढायच्या, नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

या सगळ्यात एक गोष्ट आपोआप होते. रोज आपल्या हाताने कचरा टाकायला लागलो की आपण किती अन्न फेकतो ते दिसायला लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून, हॉटेलांमधून नाही. ते अन्न पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल सगळं फुकट. फ्रीजच्या तळाशी सडलेली कोथिंबीर खताला चांगली असली तरी ती पोटात गेली असती तर जास्त चांगलं होतं. आठवडी बाजारातून एकदम भरमसाट आणण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं आणायला लागलं की बादली सावकाश भरते, आणि पैसेही वाचतात.

जागाच नसेल तर सोसायटीत करा. दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा निघणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं २०१६ च्या नियमांनीच सांगितलं होतं. पुण्यात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक केलं तर मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सूट देतात, प्रकल्प चालू स्थितीत पाहिजे ही अट. इतर शहरांत आपापल्या पालिकेत चौकशी करा. मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडायचा असेल तर सुरुवात करसवलतीपासून करा, पृथ्वीपासून नको, खजिनदार लगेच कान देतात. आणि हवेशिवाय कुजवायचंच असेल तर तो मिथेन पकडून वापरायचा, गोबरगॅस म्हणजे तेच की. पुण्यातल्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारा छोटा बायोगॅस तयार केला, त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन हा स्वच्छ ऊर्जेसाठीचा पुरस्कार मिळाला. गोव्यात साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यावर वीज तयार होते. वेंगुर्ल्यात तर रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना डम्पिंग ग्राउंडच्या जागी लोक फिरायला येतात अशी बाग झाली, कचऱ्याचं वर्गीकरण घरापासूनच सुरू केलं म्हणून. म्हणजे हे आपल्याकडे होत नाही असं म्हणायला जागा नाही, आणि ते श्रीमंत शहरातच झालं असंही नाही.

खत जास्त झालं आणि कुंड्या कमी पडल्या तर सोसायटीतल्या झाडांना घाला. बुंध्याला चिकटवून नाही, तिथे ओल राहून साल सडते, बुंध्यापासून वीतभर लांब, गोल आळं करून, वर पाला पसरून. मे अखेरीस घातलं तर पहिल्या पावसात ते आपोआप खाली मुळांपर्यंत उतरतं.